तीन रीडिंगांची ओवी

पंचेचाळिशीला टेकल्यावर शहाणी माणसं देवधर्माकडे वळतात. मी पीएच.डी.कडे वळले, तीही लोकगीतांत. तोवर माझी हयात मुलुंडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्यात आणि "ब्युरेट सरळ धर गं" असं ओरडण्यात गेली होती. मध्ये बाहेरून मराठीत एम.ए. केलं आणि मला शिंगं फुटली. नवरा म्हणाला, "बरं झालं. वास न येणारा विषय तरी निवडलास."

विषय घरातच होता. सासूबाई मालवणकडच्या, तांदूळ निवडायला बसल्या की ओव्या आपोआप सुरू. पण त्या आता थकल्या होत्या, आणि त्यांच्यामागे घरात एकीलाही ओवी येत नव्हती. त्या ओव्या हातच्या जाऊ नयेत, ही मात्र माझी खरी तळमळ होती.

दिरांनी आखातातून आणलेला टेपरेकॉर्डर मी सासूबाईंच्या तांदळाच्या ताटाशेजारी ठेवला. ओवी झाली की म्हणायचे, "आई, हीच पुन्हा म्हणा." दुसऱ्यांदा शब्द बदलायचे, तिसऱ्यांदा आणखी.

"मी काय रेडिओ असंय?" त्या करवादायच्या.

प्रयोगशाळेत तीन रीडिंगं घ्यायची आणि जुळतील ती धरायची, हा माझा धर्म. तोच मी स्वयंपाकघरात पाळला. तिन्ही वेळा सारख्या आलेल्या ओळी उतरवल्या. बाकीच्या अशुद्धी! अर्थाकडे लक्ष कुणाचं होतं? कॅसेट वाया जाऊ नये म्हणून तिच्यावरच पुढचं रेकॉर्डिंग केलं.

माझे मार्गदर्शक माझ्याहून वयाने लहान. पहिलं प्रकरण वाचून ते हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही गाणं गाळून घेतलंत. गाळणीत जे राहिलं, तेच खरं गाणं. कुठंय ते?"

"पुसलं," मी म्हणाले. हातून बीकर फुटलेली मुलगी उभी राहते ना, तशी उभी होते.

घरी आले ती थेट सासूबाईंपुढे बसले. "आई, त्या जुन्या ओव्या पहिल्यांदा म्हटल्यात तशाच म्हणा ना."

"त्यो त्या दिसाच्यो. आता ही घे," म्हणून त्यांनी सूर लावला:

सून माझी शिकलेली, पुस्तकात डोळा
चुलीवरचा भात म्हणता, आता माका गाळा

मी हसत गॅसकडे धावले. भात खरोखरच लागला होता. परत येऊन सहज विचारलं, "आधीच्या ओव्यांतही मी होते का हो?"

"होतंस तर! बरा म्हटलेलंय तुझ्याबद्दल," ताटातला खडा बाजूला टाकत त्या म्हणाल्या.

"काय म्हटलं होतंत?"

"आता माका काय आठावता? तेव्हाच ऐकूक होया होता."

पुढे त्या होत्या तोवर मी एकही कॅसेट पुसली नाही. प्रबंध झाला, मान्य झाला, भाताची ओवी त्यात पहिल्याच पानावर आहे. डॉक्टर झाल्यावर सोसायटीने नारळ देऊन सत्कारसुद्धा केला. पण सासूबाईंनी आयुष्यात एकदा माझं कौतुक केलं होतं, आणि ते मी जुळलं नाही म्हणून पुसून टाकलं.