शीळ घालणारं इंजिन

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. पोलीसखात्यात बत्तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी साध्या वेषात, तपासाच्या कामात. स्मशानातली भुतं पकडायला गेलो, तर ती हातभट्टीवाली निघाली! अशा माणसाने हे लिहावं म्हणजे... असो. घडलं तसं सांगतो.

त्र्याण्णव साल नुकतंच लागलं होतं. मुंबई पेटलेली, आणि आमच्या बोईसर-तारापूर पट्ट्यातही कधी काय होईल याचा नेम नव्हता. माझी नेमणूक बोईसरला, घर तारापूरच्या बाजूला किनाऱ्यावर. थोरल्या दादाची मच्छीमारीची बोट होती. खाडीपलीकडे करीमचाचांची शेड — सगळ्या बोटींची इंजिनं तेच दुरुस्त करायचे. माझे वडील वादळात अडकले तेव्हा त्यांना शोधायला आपली होडी पाण्यात घालणारे हेच चाचा.

आमच्याकडे बोट डोळ्यांनी नाही, कानांनी ओळखतात. प्रत्येक इंजिनाचा ठोका वेगळा. आपल्या बोटीचा आवाज आला की घरची बाई टोपली घेऊन किनारा गाठते.

चाचांची शेड जाळायची कुजबुज माझ्या कानावर आली होती. म्हणून शेडच्या रस्त्यावर मीच बंदोबस्त लावून घेतला. पाण्याच्या वाटेचा विचारच केला नाही... कोळ्याचा मुलगा असून!

त्या दिवशी बंद होता. कुंभवलीत, कारखान्यांच्या शेजारी, एका अर्धवट उघड्या टपरीवर मी चहा घेत होतो. भर दुपार, यंत्रं सगळी थंड. आणि मला इंजिन ऐकू आलं — दादाचं! तेच जड ठोके, पण प्रत्येक ठोक्यामागे एक बारीक शीळ. समुद्र तिथून कित्येक किलोमीटर लांब.

"बोट का आवाज आ रहा है?" मी टपरीवाल्याला विचारलं.

"बोट? यहाँ कहाँ बोट, साहब?" तो हसला.

आवाज वाढत गेला, अगदी पुढ्यात आला आणि बंद पडला. मी उठून उभा राहिलो... मग स्वतःलाच हसून पुन्हा बसलो. जागरणं फार झाली होती. चहा संपवला.

तासाभरात निरोप आला. चाचांची शेड जाळली होती. माणसं खाडीतून आली होती, आणि चाचा आत होते.

संध्याकाळी घरी गेलो, आठ दिवसांनी. मी काही विचारायच्या आधीच दादा म्हणाला, "आपली बोट दिसभर हलली नाय हा."

"आवो, असा काय बोलता?" वहिनी सरळ मनाने म्हणाली. "भावजी, दुपारी आवाज आला ना बोटीचा! मी टोपली घेऊन धावली, तं ह्यांनीच मला माघारी धाडली."

दादाने तिच्याकडे नुसतं पाहिलं.

"वहिनी, इंजिन शीळ घालतं का?"

"आज सकालपासून," ती हळूच म्हणाली. "पाइप फुटलेला. करीमचाचानीच पत्रा ठोकून दिला."

ती शीळ त्याच सकाळची होती. ती माझ्या आठवणीत असणं शक्यच नव्हतं.

दादाने अंगणात माझा हात धरला. "तू माजा नाव घेतलास तं माज्या पोरांनी कुटं जायाचा?" मला माझा हात सोडवता आला नाही.

दुसऱ्या दिवशी पालघरला दवाखान्यात चाचांचा जबाब घ्यायला मलाच पाठवलं. दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत.

"कोण होते, चाचा?"

"तोंडा बांदलेली. पन बोट... पोरा, तूच सांग. कोनाची आसंल?"

मी कागदाकडे बघत राहिलो. "आवाजावरून सांगणं कठीण आहे, चाचा."

किनाऱ्यावरचं एकूण एक इंजिन झोपेतही ओळखणारा तो माणूस. ते म्हणाले, "मंग लिव... ह्या मिस्त्रीलाबी वलकता आली नाय."

मी तसंच लिहिलं. आरोपी अज्ञात. लाज वाटली, आजही वाटते. चाचा पुढे उमरोळीला बहिणीकडे राहिले. त्या हातांत पुन्हा पाना काही धरता आला नाही.

वाऱ्याची दिशा, जवळपासचे पंप, जनरेटर — सगळं मी नंतर तपासून पाहिलं. वारा तर त्या दुपारी उलटा, समुद्राकडे वाहत होता. डॉक्टर मित्र म्हणाला, मनाचे खेळ. मग ती शीळ?

चाचा कधीच गेले. दादा मागच्या पावसाळ्यात गेला, म्हणून आज लिहायची हिंमत झाली. तो आवाज माझ्यापर्यंत कोणी पोचवला, मला ठाऊक नाही. पण पोचला तेव्हा बोट नुकती शेडला लागत होती, शेड अजून पेटली नव्हती. ज्याने पोचवला त्याला वाटलं असेल, हा पोलीस आहे, घरचाही आहे... हा काहीतरी करेल.