जलपूजनाची पंगत धरणाखाली

"सायेब, ह्यो भराव माझ्या बापानं बैलं घालून तुडवलाय. वर हत्ती नाचवा, ढेकूळ हलायचं न्हाय!" असं म्हणून गावचे बडे उसवाले तात्या सांडव्यावर रचलेल्या वाळूच्या पोत्यांवर राजासारखे बसले.

नव्वदच्या दशकातला भाद्रपद होता. मी पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता, आणि लासुर्ण्याच्या पलीकडच्या ओढ्यावरचं एक म्हातारं मातीचं धरण माझ्या गळ्यात. भरावावर बाभळी इतक्या, की वाघ चुकला तर त्याला गाववाल्यांनी वाट दाखवावी. घुशी इतक्या माजलेल्या, की कुत्री बाजूला सरून त्यांना पुढं जाऊ देत.

हे धरण बांधलं होतं पूर अडवायला. ओढा पिसाळला की पाणी पोटात घ्यायचं आणि हळूहळू सोडायचं. त्यासाठी पोट आधी रिकामं हवं. पण रिकामं धरण बघून उसवाल्याचा जीव कळवळतो. सांडवा म्हणजे जादा पाणी सुखरूप बाहेर पडायची वाट. तात्यांच्या मंडळींनी तीच पोत्यांनी बुजवून पाणी चढवलं होतं. आता परतीचा पाऊस दणकून आला, तर पाणी थेट भरावावरून जाणार. मातीचं धरण सगळं सोसतं, डोक्यावरून पाणी सोसत नाही. गुळाच्या ढेपेसारखं विरघळतं. आणि पायथ्याला वस्ती होती.

माझ्या वरच्या साहेबांना फोन लावला.

"पोती काढा."

"लोक काढू देत नाहीत, सर."

"मग समजूत काढा."

"तीही निघत नाही."

"बघा बुवा, फील्डवर तुम्ही आहात."

खात्यात याला मार्गदर्शन म्हणतात.

वस्तीत कांबळेबाई राहायच्या, गावच्या शाळेतल्या शिक्षिका. त्यांनी मला पायथ्याचा पाझर दाखवला. मातीचं धरण पाझरतंच, त्याला घाम येतो म्हणा. घाम नितळ असेल तर खुशाल झोपावं. गढूळ आला, तर धरणाच्या पोटातली माती निघाली समजावं. बाईंनी पेला भरून दिला. गढूळ, उसाचा रसच जणू!

आता गंमत ऐका. तलाव भरला की जलपूजन करायची इकडं रीत. पाण्याची ओटी भरायची, नारळ सोडायचा, मग गावजेवण. मी तात्यांना म्हणालो, "पूजा तुमच्या हातची. पंगत तेवढी खाली मांडू. वर काटे फार."

तात्या फुलले. "आमी कवा न्हाय म्हणलं?"

पंगतीच्या दिवशी बारामतीकडून आभाळ काळं होत आलं. मानाचा पाट मी पाझरापुढंच मांडला. शेजारी स्वतः बसलो, नाहीतर तात्यांना वास आला असता. लापशी वाढली गेली. तेवढ्यात तात्यांचं धोतर मागून ओलं झालं. त्यांनी हात लावला, बोटं तांबडी. मान वळवून वर पाहिलं. तिथून भराव सह्याद्रीएवढा दिसतो, आणि त्याच्या पलीकडं पाणी आहे हे तात्यांना पहिल्यांदाच खालून कळत होतं. ते अर्धे उठले.

कांबळेबाई आमटी वाढत होत्या. पळी तशीच धरून म्हणाल्या, "बसा की तात्या. आम्ही रोज इथंच झोपतो."

तात्यांनी पत्रावळ पुढं सारली.

"उठा रं! आधी पोती, मग लापशी."

मग काय सांगू! पोती अशी उडाली, की एकदोन बारामतीच्या एमआयडीसीत सापडली असतील. संध्याकाळी असा पाऊस झाला, की बेडकांनी आडोसा शोधला. सांडवा रेड्यासारखा डुरकत वाहिला. धरण राहिलं. पाणी उतरल्यावर पाझरावर वाळू-खडीचं आवरण घातलं, म्हणजे पाणी येतं, माती येत नाही. बाभळी काढल्या. घुशींना विनानोटीस घालवलं.

तात्या पुढं सगळीकडं सांगत, की सायेब घाबरला होता, म्हणून पोती मीच काढली. मी मान डोलवायचो. एका अर्थी खरंच होतं ते. आता तात्या नाहीत, मी रिटायर होऊन बारामतीत. त्या वाटेनं गेलो की सांडव्यावर जरा थांबतो. तशी लापशी पुन्हा कुठं मिळाली नाही, गार झालेली असूनही.

धरण भक्कम आहे असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, की अजूनही मी एवढंच विचारतो, "बरं. पंगत कुठं मांडू?"