मिसळणाच्या डब्यातला रोटर

चार माणसं जमायला काहीतरी निमित्त लागतं. आमच्या पूनम सागर सोसायटीत ते निमित्त म्हणजे पेडणेकर काकांची गाडी. ती धड चालली असती तर आम्ही एकमेकांच्या ओळखीचेही झालो नसतो. ती अडत गेली आणि किस्से साठत गेले. आजही आमच्यातला कोणी भेटला की पहिली आठवण तिचीच निघते, आणि दुसरी काकूंची.

*

काका गिरगावातली खोली विकून इथे आले ते ही जुनी निळी गाडी घेऊनच. पहिल्याच रविवारी ती रुसली. सेल्फ मारला की इंजिन घर्र घर्र फिरायचं, पण चालू काही होईना. मी खाली जाऊन, बॅटरी गेलीय, असं ठणकावून सांगितलं. बॅटरी गेली तर सेल्फ फिरतोय कसा, असं हार्डवेअरवाल्या जयंतीभाईंनी विचारलं आणि बॉनेट उघडलं.

मग टाकी पाहिली, पेट्रोल होतं. प्लग काढून पुसले. कॉइलची वायर घट्ट केली. आमचे हात कोपरापर्यंत काळे झाल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून काकू डोकावल्या.

"अहो, ते डब्यातलं नेलंत का?"

काकांनी कपाळावर हात मारला!

*

भानगड अशी होती. हायवे जवळ, त्यामुळे काकांना गाडीचोरांची भयंकर धास्ती. म्हणून रोज संध्याकाळी ते डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून आतला रोटर काढून घरी आणायचे. अंगठ्याएवढा तुकडा, पण प्लगांना करंट वाटतो तोच. तो नसला तर सेल्फ मारत बसा दिवसभर. चोर काय, खुद्द मालकही गाडी नेऊ शकत नाही.

आणलेला रोटर काका कुठेही ठेवून विसरायचे. शेवटी काकूंनी त्याला मिसळणाच्या डब्यात एक वाटी दिली, हळदीच्या शेजारी. फोडणी काही चुकत नाही, तेव्हा हाही नजरेसमोर राहील, असं त्यांचं म्हणणं.

*

रफिक काशीमीऱ्याच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक होता. पहिल्यांदा आला तेव्हा त्याने डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं, बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि मग वास घेतला.

"काका, इंजिन को तडका किसने लगाया?"

तेव्हापासून गाडी कशानेही अडो, रफिक आधी झाकणच उघडायचा.

त्याची एक ख्याती होती. इंजिनाच्या बाबतीत तो कधी खोटं बोलायचा नाही, मग गिऱ्हाईक तुटलं तरी बेहत्तर. काकूंचं माहेर रत्नागिरीकडे. ही गाडी तिथपर्यंत जाईल का, असं त्यांनी त्याला विचारलं.

"जाएगी भाभी. वापस आने का वादा नहीं करता."

"मग काय," काकू म्हणाल्या, "परत यायची घाई आहे कुणाला?"

गेले दोघं. येताना गाडी महाडला बसली ती चांगली मुक्काम करून. काका त्या प्रकारावर वर्षभर चिडून बोलत होते. काकू मात्र माहेरापेक्षा महाडबद्दलच जास्त सांगायच्या.

*

पावसाळ्यात प्लग सर्द व्हायचे. ते काढून वर पाठवायचे आणि काकू जुन्या तव्यावर शेकून, फडक्यात गुंडाळून खाली आणायच्या. गरम आहेत तोवर लावा, असं पोळ्या वाढल्यासारखं सांगायच्या. आणि स्वतः जाऊन स्टिअरिंगवर बसायच्या, कारण आम्हा सगळ्यांना बॉनेटमध्येच डोकं घालायचं असे. सेल्फ मारण्याचं काम कायम त्यांचं. गाडी चालवायला त्या कधीच शिकल्या नाहीत, पण आता घेईल की नाही ते आवाजावरून आमच्याआधी त्यांना कळायचं.

जयंतीभाई दर रविवारी काकांना एकच सल्ला द्यायचे. "काका, काढून टाका ही गाडी. भंगार आहे." आणि पुढच्या रविवारी पाना घेऊन सर्वांत आधी हजर.

*

मग काकू गेल्या. आजारपण थोडक्यात आटोपलं. तेरावं झाल्यावरच्या रविवारी आम्ही सवयीने खाली उतरलो. काका रोटर घेऊन आले, झाकण लावलं, स्वतः स्टिअरिंगवर बसले. पहिल्या सेल्फला गाडी चालू झाली.

जयंतीभाई, रफिक आणि मी नुसते उभे. काकांनी थोडा वेळ इंजिनाचा आवाज ऐकला आणि गाडी बंद करून वर निघून गेले. मला त्या दिवशी गाडी अडायला हवी होती, फार हवी होती.

*

काकांचा मुलगा नितीन पुण्याला. बाबांनी या वयात गाडी ठेवू नये, असं त्याचं मत, आणि ते चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. त्यानेच गिऱ्हाईक पाहिलं, भाव ठरवला. काका हो म्हणाले. नितीनला ते कधीच नाही म्हणत नसत.

रविवारी सकाळी गिऱ्हाईक आलं. काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून खाली उतरले. नितीनने सेल्फ मारला. घर्र घर्र. पुन्हा मारला. घर्र घर्र.

मी काकांकडे पाहिलं. शर्टाच्या खिशावर हळदीचा डाग होता, चांगला ठसठशीत. जयंतीभाईंनीही तो पाहिला. माझ्याकडे बघितलं आणि पाना उचलला.

जयंतीभाईंनी टाकी तपासली. मी प्लग काढून पुसले, एकेक, अगदी नीट. कॉइलची वायर दोघांनी मिळून घट्ट केली. ते झाकण सोडून आम्ही गाडीत काही शिल्लक ठेवलं नाही. गिऱ्हाईक घड्याळ बघायला लागलं तसा नितीन वैतागला आणि रिक्षा पाठवून रफिकला बोलावून घेतलं.

रफिक आला. सवयीप्रमाणे आधी झाकणच उघडलं. आत पाहिलं. मग काकांकडे पाहिलं. काका समोरच्या भिंतीकडे बघत होते. रफिकने झाकण पुन्हा बसवलं, क्लिपा लावल्या, हात पुसले.

"साहब," तो गिऱ्हाइकाला म्हणाला, "ये गाडी आपके लिए नहीं है."

गिऱ्हाईक गेलं. त्याला सोडायला नितीन गेटपर्यंत गेला. बॉनेट अजून उघडंच होतं. जयंतीभाईंनी पाना पिशवीत टाकला आणि हळू आवाजात म्हणाले,

"काका, नितीन यायच्या आत शर्ट बदला."