माझ्या नावाचे शेरे

आधीच सांगते, मी गणिताची बाई आहे. नवस, दृष्ट, अंगात येणं यातलं काहीच मला पटत नाही. वर्गात कोणी ‘असंच येतं उत्तर’ म्हणालं तर मी पायऱ्या मागते. या गोष्टीच्या पायऱ्या मात्र मलाच सापडलेल्या नाहीत...

अंधेरी पश्चिमेला आमची मराठी शाळा आहे. गेल्या वर्षी मुख्याध्यापिकांनी फर्मान काढलं – नववीच्या मुलांनी चौघाचौघांच्या गटात एकाच ऑनलाइन वहीत गणितं सोडवायची. प्रत्येकाला दुसऱ्याचं दिसतं, बाजूला शेरे लिहिता येतात, मुलं एकमेकांकडून शिकतात वगैरे. मला वाटलं, आता एकाची चूक चौघं उतरवणार. गट पाडून दिले आणि त्या वहीकडे पुन्हा ढुंकूनही पाहिलं नाही.

मी तोंडाची फटकळ, हे शाळेत सगळ्यांना माहीत आहे. फेब्रुवारीत एके दिवशी वेसाव्याच्या प्रांजलला फळ्यापाशी बोलावलं. दोन चलांतली समीकरणं, अगदी सोपं उदाहरण होतं. ती खडू धरून नुसती उभी. मी म्हणाले, "जाऊ दे गं. तुला काय करायचंय एक्स आणि वाय? घरी आईची टोपली आहेच की."

वर्ग हसला. तिची आई बाजारात मासळी विकते. हे लिहिताना आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवसापासून प्रांजल शाळेत येईना. दोन दिवसांनी मी फोन केला, तर आई म्हणाली, "बाई, पोरगी बोलते नाय शिकायचं. आता मी काय मारून धाडू तिला?" माफीचे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण मी "बरं, बघा समजावून" एवढंच म्हणून फोन ठेवला.

आठवड्याभरात ती आपणहून परत आली. वार्षिक परीक्षेत गणितात चांगल्यापैकी पास झाली. मला वाटलं, आईने समजावलं असणार.

मग गटाच्या कामाचे गुण द्यायचे म्हणून मी ती वही उघडली. प्रांजलच्या पानावर माझ्या नावाने शेरे होते... आणि मी त्यातला एकही लिहिलेला नव्हता.

पहिला असा – ‘प्रांजल, टोपलीवरून बोलले ते चुकलंच माझं. सगळ्यांसमोर बोलले, ते तर त्याहून वाईट. शाळा सोडू नकोस.’

त्याच्या खाली – ‘तुम्ही दोरीवर एकटा बोंबील वाळत घालता का? दुसऱ्याच्या तोंडात त्याचं तोंड अडकवता, तेव्हाच दोघं टिकतात. इथेही अज्ञात दोन आहेत, एका समीकरणाने भागायचं नाही. दुसरं शोध.’

तिने शोधलं होतं. पुढे तर गटातल्या बाकीच्या तिघींनी मांदेली आणि पापलेटांची उदाहरणं स्वतःच रचली होती, एकमेकींच्या चुका सुधारल्या होत्या. इतकं नीट मी वर्षभरात शिकवलं नसेल. आणि आमच्या घरी अंडंसुद्धा शिजत नाही हो. बोंबील कसे वाळवतात, हे मला त्या पानावरून कळलं.

प्रत्येक शेऱ्याखाली तारीख, वेळ होती. सगळे एकाच दिवशी, दुपारी बारा ते एकच्या मधले. त्या दिवशी मी दुसऱ्या शाळेत बारावीच्या पेपरला सुपरविजन करत होते – मोबाईल बंद करून केंद्रावरच्या कपाटात, कपाटाला कुलूप.

कॉम्प्युटरच्या सरांना दाखवलं. म्हटलं, कोणीतरी माझा पासवर्ड चोरलाय. त्यांनी बराच वेळ खटपट केली.

"बाई, बाहेरचं कोणी नाही यात. तुमच्याच मोबाईलवरून लिहिलंय."

"अहो, तो कपाटात होता. बंद."

"मग मी काय सांगू..." म्हणत त्यांनी कॉम्प्युटर बंद केला.

निकालाच्या दिवशी प्रांजल जिन्यात भेटली. हिला खरं काय ते सांगून टाकायचं, असं ठरवूनच मी तिला थांबवलं.

"प्रांजल, ते वहीतले शेरे..."

"हो बाई. पहिला ना, मी आईला वाचून दाखवला. ती बोलली, बाई स्वतः एवढं लिहितात तर जा मुकाट्याने. नायतर मी येणारच नव्हते."

आता हिला कसं सांगू, की ती मी नव्हे? धीर झाला नाही. पण निदान माफी तरी स्वतःच्या तोंडाने मागावी म्हणून मी म्हणाले, "त्या दिवशी वर्गात मी जे बोलले ना, त्याबद्दल मला तुझी माफी मागायची आहे."

ती हसली. "मागितलीत की बाई एकदा. परत कशाला?" म्हणाली, आणि मैत्रिणींच्या मागे जिना उतरून गेली.

ते शेरे कोणी लिहिले, मला आजही माहीत नाही. मी मागायची ती माफी मात्र राहूनच गेली.