खिडकीतल्या दोन बश्या

मेथीची जुडी हातात आली की सर पानं बघत नसत. जुडी उलटी करायचे आणि मुळांवरची माती अंगठ्यानं पुसायचे. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या बाजारात असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. भाजीवाली चिडायची, "सर, भाजी खाना है कि जड़?"

"मुळं पाहा आधी," ते मला म्हणायचे.

मी शेतकी कॉलेजचं ग्रंथालय सांभाळते. ते तिथं वनस्पतिरोग शिकवत. त्यांचा जीव अडकला होता धानाच्या मुळांना गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींत, दोऱ्यासारख्या बारीक किड्यांत.

"हा किडा झाडाचंच संप्रेरक सोताच्या अंगात बनवते, बाई. झाडाले वाटते, घरातलंच कोणी मागून राह्यलं. मंग गाठ बांधून त्याले पोसत बसते."

"झाडाला कळत नाही?"

"कळलं असतं तर मले नोकरी कोनं देली असती?"

हे त्यांना एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. प्रयोगशाळेचं छत गळायचं, म्हणून त्यांनी ग्रंथालयाच्या खिडकीत दोन बश्या ठेवल्या. एकीत साधं पाणी. दुसरीत, किडे ठेवून गाळून घेतलेलं. दोन्हींत एकेक तोडलेलं पान. ते संप्रेरक तोडलेल्या पानालाही हिरवं ठेवतं; दुसऱ्या बशीतलं पान जास्त दिवस हिरवं राहिलं, तर किड्यांनीच ते पाण्यात सोडलं, असं समजायचं.

चौथ्या दिवशी मी दोन्ही बश्या ओतल्या, घासल्या आणि पालथ्या घातल्या. पुस्तकांजवळ साचलेलं पाणी मला सहन होत नाही.

त्यांनी एक पालथी बशी उचलून सुलटी केली. "जाऊ द्या बाई. किडे पुन्हा वाढवाले दोन महिने लागतीन." मग हळूच, "तेवढे माह्याजवळ आहेत का, पाहू."

त्यांच्या पोटात गाठ आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

"उपचार, सर?"

"सुरू आहेत. पण मीही तिले आपलीच समजून पोसून राह्यलो."

दोन महिन्यांनी त्यांनी बश्या पुन्हा मांडल्या.

"नागपूरले जातो, बाई. पानी बदलू नका."

"नाही बदलणार."

"हौ. आन् घासूही नका."

आठव्या दिवशी ते गेल्याचा फोन आला. मी नागपूरला त्यांच्या अंत्यविधीला जाऊन परतले आणि थेट खिडकीपाशी गेले. साध्या पाण्यातलं पान पिवळं पडून मऊ झालं होतं. दुसरं हिरवं होतं. सांगायला मी मागं वळले. वाचनकक्षातल्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

पाणी केव्हाच आटलं. बश्या अजून तिथंच आहेत. मी त्या घासलेल्या नाहीत.