आनंदचा दुसरा बाप्तिस्मा: कोल्हापूर ते शिरोळ, मुक्काम एक

ही पोस्ट मी तीन महिने टाळली. आधी म्हटलं फोटो धुऊन येऊ देत. फोटो आले तर मलकापूरला जायचं निघालं, आणि तिकडच्या एका ढाब्यावरच दोन पोस्ट झाल्या. खरं कारण वेगळं आहे. या सहलीपासून माझा मित्र आनंद आणि त्याचे पप्पा एकमेकांशी बोलत नाहीत. एकाच घरात राहतात, मध्ये आई निरोप पोचवते. आणि सहलीला गाडी माझी होती.

आज रविवार आहे, घरात कुणी नाही. बसलो एकदाचा लिहायला.

आनंद राजारामपुरीत आमच्या मागच्या गल्लीत राहतो. तीन पिढ्यांचे ख्रिश्चन. पप्पा निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या चर्चच्या पंचकमिटीत. त्या चर्चमध्ये तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडलं की बाप्तिस्मा झाला. आनंद औषधं विकत फिरतो. फिरता फिरता शिरोळच्या पुढं एका गावात त्याला बाप्टिस्टांची छोटी मंडळी सापडली. त्यांचं म्हणणं, बाळाला काय कळतंय? ज्याला कळतं त्यानं स्वतः येऊन सांगावं, आणि मग पाण्यात पूर्ण बुडी. आनंदला हे पटलं. घरी सांगायचं धाडस मात्र झालं नाही. मला म्हणाला, चल.

निघताना माझी आई म्हणाली, "तो ख्रिश्चन व्हायला चाललाय, तू कशाला मागं?"

"आई, तो जन्मापासून ख्रिश्चनच आहे."

"मग आता काय होणार?"

"ओला."

शनिवारी सकाळी निघालो. शिरोली फाटा, हातकणंगले, जयसिंगपूर. पन्नासेक किलोमीटर, पण उसाचा हंगाम असेल तर दोन तास धरा. दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर पुढं आला की आरशात बघायची सवय चालकाला नसते, कारण आरसाच नसतो. जयसिंगपुरात मिसळ खा. कट मागून घ्या, जादा पावाचे पैसे आधी विचारून घ्या. हॉटेलवाल्यानं कुठं निघालात म्हणून विचारलं आणि सांगितल्यावर तो खुर्चीच ओढून बसला.

"तिथं गेल्यावर पैसं देत्यात म्हणं. खरं हाय का?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं आता पक्कं आहे. रविवारी अर्पणाची थैली फिरली आणि माझेच दहा रुपये गेले.

शिरोळच्या पुढचा रस्ता म्हणजे खड्ड्यांना जोडणारं डांबर. आनंदला वाट माहीत होती, तरी मी गावात बाप्टिस्ट चर्च कुठं म्हणून विचारलं, तर कुणाला माहीत नाही. पाळकसाहेबांचं, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंचं, घर विचारा, शेंबडं पोरही दाखवतं. चर्च म्हणजे पत्र्याचं लांबडं घर. घंटा नाही, मूर्ती नाही, मेणबत्ती नाही. एक पेटी, एक ढोलकी आणि दाराबाहेर चपला. नमस्कार कुठं करायचा कळेना, म्हणून समोर जे होतं त्याला हात जोडले. ते भिंतीवरचं घड्याळ होतं.

पाळकसाहेबांना मी "फादर" म्हटलं आणि लग्न का नाही केलं म्हणून सहानुभूतीनं विचारलं. तेवढ्यात त्यांची बायको चहा घेऊन आली. मागून दोन मुली वेणीच्या रिबिनीवरून भांडत आल्या. पाळकसाहेब म्हणाले, "आमच्यात लग्न करायला बंदी न्हाय. केल्यावर मात्र सुटका न्हाय."

काकू चुलीवर काळे मनुके उकळत होत्या. उद्याच्या प्रभुभोजनाचा रस. मी म्हटलं, "काकू, वाईन असते ना? आमच्या कट्ट्यावर तर सगळे म्हणतात."

"कट्ट्यावर म्हनत्यात तिथंच प्या. हितं दारूतनं मानसं सोडवायची आनि परत आम्हीच पाजायची व्हय?"

दुपारी चारला सभा. मला वाटलं होतं की पाळकानं ठरवलं की झालं. तसं नसतं. बाप्टिस्टांमध्ये बाप्तिस्मा देऊन सभासद कुणाला करायचं हे मंडळी ठरवते. आधी माणसानं उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे आपण विश्वासात कसे आलो ते सांगायचं. मग हात वर करून मतदान. पाळकसाहेबांची नेमणूकसुद्धा अशीच झालेली. "उद्या हात विरोधात वर झाले तर मी बॅग भरली," असं तेच म्हणाले.

आनंद उभा राहिला. डॉक्टरांसमोर गोळ्यांची महती गाणारा हा गडी, घसा तीनदा खाकरून चार वाक्यं बोलला. म्हणाला, "लहानपणी सगळं मिळालं होतं, पण मी कधी मागितलं नव्हतं. आता मागतोय." पाळकसाहेब म्हणाले, "अनुकूल असतील त्यांनी हात वर करा."

आता माझं बालपण साखर कारखान्याच्या वार्षिक सभांमध्ये आजोबांच्या मांडीवर गेलेलं. ठराव संपायच्या आत ओरडायचं, एवढंच लोकशाहीचं शिक्षण. मी दोन्ही हात वर करून ओरडलो, "मंजूर, मंजूर!"

तीस माणसं वळली. पेटीवाला म्हणाला, "पावणं, बसा खाली. तुमचा शेर न्हाय हितं."

हशा झाला. पण पुढच्या ओळीतल्या शांतामावशींचा हात मांडीवरच होता. सत्तरीच्या पुढच्या, मंडळीतल्या सगळ्यात जुन्या. पाळकसाहेबांनी विचारलं, "मावशी, काय अडचण?"

"पोराच्या बापाला ठावं हाय का?"

आनंद म्हणाला, "मावशी, निर्णय माझा आहे. तुमचीच शिकवण ना? मग पप्पांना कशाला विचारायचं?"

"इचारू नगं. सांग. लपून घेतलेल्याला साक्ष म्हनत्यात व्हय?"

सभा थांबली. किराणा दुकानाबाहेर एक रुपयाचा फोन होता, तिथं आम्ही दोघं गेलो. आनंदनं सांगितलं. मग पप्पांचा आवाज मलाही ऐकू आला. "तू तीन महिन्यांचा होतास. तुला हातात घेऊन मी उभा होतो. ते काहीच नव्हतं म्हणतोस, तर मी काय धरून उभा होतो?"

फोन ठेवल्याचा आवाज आला. आनंद माझ्याकडं न बघता परत गेला आणि जसंच्या तसं सभेला सांगितलं. शांतामावशींनी डोळे पुसले आणि हात वर केला.

रविवारी सकाळी कृष्णाकाठ. पाणी असलं गार की बघूनच मला शिंक आली. शहरातल्या काही बाप्टिस्ट चर्चमध्ये आत हौद असतो म्हणे, इथं नदी आहे. पांढरे कपडे घातलेली माणसं घाटावर उभी. म्हशी धूत असलेला एक गडी टोपी काढून हळूच माझ्याजवळ आला. "कोन गेलं, पावणं?"

"कोणी नाही. बाप्तिस्मा आहे."

"मग राख कुठाय?"

पाळकसाहेबांनी आनंदला मागं झुकवून पाण्यात घातलं. तळाचा दगड निसरडा, त्यामुळं एक कोपर वर राहिलं. पेटीवाला काठावरून ओरडला, "कोपर कोरडं राहिलं!" लगेच दोन पक्ष. एक म्हणे चालतंय, दुसरा म्हणे पूर्ण म्हणजे पूर्ण. कोपरावर शास्त्रार्थ चालू, आणि आनंद कमरेएवढ्या पाण्यात दात वाजवत उभा. शेवटी पुन्हा बुडी. मी शांतामावशींना विचारलं, कोपराचं पाप राहिलं असतं का?

"पान्यानं पाप जात असतं, तर ह्या म्हशी संत झाल्या असत्या. क्षमा आधी, पानी मागनं. लग्न लागल्यावर आपन वरातीत नाचतो न्हवं, तसं."

आनंद काठावर आला तेव्हा सगळे गात होते. त्यानं टॉवेल घ्यायच्या आधी घाटाच्या वरच्या रस्त्याकडं बघितलं. तिथं कुणी नव्हतं.

जाऊन येऊन खर्च दीडशे, पेट्रोलसकट. राहायचं पाळकांच्या पडवीत, फुकट. माझ्या डोक्यातल्या दहा समजुती गेल्या, त्या कट्ट्यावर सांगितल्या तर लोकांनी मलाच विचारलं, "तुला किती मिळाले?" आनंद दर रविवारी तिकडं जातो. तो खूश आहे असं मी म्हणेन, पण घरी जेवताना तो ताटाकडं बघून जेवतो, हेही बघितलंय. कोण बरोबर, बाप की लेक, ते मला सांगता येत नाही. शिंपडलेलं पाणी आणि बुडीचं पाणी यात मला फरक कळला. त्या फोनवरच्या प्रश्नाचं उत्तर मात्र अजून सापडलं नाही.

एवढं लिहून चहाला उठलो, तर फोन. आनंदच. चर्चजवळच्या त्याच रुपयाच्या फोनवरून, कुजबुजत.

"अरे, पप्पा आलेत. एकटे, एस.टी.नं. मागच्या बाकावर बसलेत. बायबलमध्ये खुणेच्या चिठ्ठ्या घालून आणल्यात, वीस तरी असतील. पाळकसाहेबांना म्हणाले, मला वाद घालायचाय. आणि काकू त्यांना म्हणाल्या, आधी जेवा."