कोऱ्या बाजूवरचा मोड

एखाद्याच्या कामावर जाहीर आरोप करण्याआधी तुम्ही त्याच्या दारात जाऊन त्याला एकदा तरी विचारता का? मी विचारलं नाही. दीड महिन्यापूर्वी पोलादपूरचे दत्तूकाका गेल्याचा फोन आला, तेव्हा मी महाडात बसून कुणावरच्या तरी अन्यायाचं पत्रकच लिहीत होते.

आंबेनळीच्या रस्त्याला काकांचं सुतारकामाचं दुकान. दारं-खिडक्या करत आणि आवडीनं वाद्यं बनवत. आमच्या कलापथकाचं मेंडोलिन त्यांनीच केलं. ते हातात आलं तेव्हा मला खटकलं ते एवढंच की, वरची फळी सपाट नव्हती. तारा ज्या घोडीवर टेकतात, तिच्या मागे फळीला आडवा मोड होता आणि तिथून ती खाली उतरत होती. आमच्याकडे पावसाळ्यात लाकूड वाकतंच, आणि वाकलेला पाट ओलं फडकं घालून दगडी पाट्याखाली दाबतात, हे घरोघरी ठाऊक. मी तेच केलं. मोड बराचसा बसला, कडेला फळी सुटली ती सरस लावून चिकटवली. तारा चढवल्या आणि आठवड्यात घोडीखाली खड्डा पडला... सूर लागेना. मग मी पत्रक काढलं. ओलं लाकूड वापरून कलावंतांची फसवणूक, असा मथळा. घरोघरी पत्रकं वाटतच मी वाढले, त्यामुळे शब्द आपोआप आले. दगडी पाट्याचा उल्लेख मात्र मी केला नाही. नाते, वरंध या गावांपर्यंत ते पत्रक गेलं, आणि भजनी मंडळांनी काकांकडे वाद्यं करायला टाकणं बंद केलं. पुढे एकदा महाडच्या बाजारात ते समोर आले. “वाजतंय का गो?” एवढंच विचारलं. मी मान फिरवली. ती शेवटची भेट.

तेराव्यानंतर मी त्यांच्या घरी गेले. काकींनी त्यांचं स्वतःचं मेंडोलिन खाली काढलं. तोच मोड, आणि खड्डा कुठेच नाही. “माझ्या लग्नाआधीचं हाय,” त्या म्हणाल्या. “मोड मुद्दाम देतात. तारांचा जोर पडला की सपाट फळी खाली बसते.”

ते माझ्यावर चिडले असतील, असं मी कसंबसं बोलले.

“नाय गो. म्हणाले, पोरीनं पाट्याखाली दाबलं असंल. देताना सांगायला हवं होतं, माझंच चुकलं.”

भिंतीवरच्या खिळ्याला एक नवी फळी टांगलेली होती. मोड दिलेला, मधलं भोक अजून कापायचं होतं. आमच्या मेंडोलिनसाठी होती ती, काकींनी सांगितलं. शेजारी मापाचा कागद अडकवलेला. मोडाची रेघ पेन्सिलीनं आखलेली. मी तो उलटून पाहिला. माझंच पत्रक होतं.

ते पत्रक तुमच्याकडे कुठे पडलं असेल तर फाडू नका. माझं नावही खोडू नका. त्याच्या खाली तुमच्या हातानं लिहा, हिनं काकांना विचारलं नव्हतं. आणि ज्यांच्या घरी ते पोचलं होतं, त्यांना वाचून दाखवा.